करड्या कोटाचा अकरावा सिनेमा

४ ऑक्टोबर

मोठे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच टेबलाच्या कडेला सरकवून ठेवशील, हे धरूनच लिहायला बसलोय. दोन दिवसांनी का होईना, उघड. वाईट बातमी नाही. मी जिवंत आहे, गुडघे सोडले तर धडधाकट आहे, आणि वरच्या दातांची कवळी अजून जागच्या जागी बसते.

तुझी आई गेल्यानंतरचं हे माझं पहिलंच पत्र, म्हणजे नऊ वर्षं झाली. तेव्हा तू दोन दिवस आलीस, आत्याकडे उतरलीस, आईच्या उरलेल्या औषधांच्या बाटल्या कुठे टाकायच्या एवढंच माझ्याशी बोललीस आणि गेलीस. मी तक्रार करत नाही. आठवलं म्हणून लिहिलं.

तर बातमी अशी की तुझा बाप पुन्हा नट झालाय. गेल्या मंगळवारी एक चष्मेवाली मुलगी दारात उभी. म्हणाली, "करडा कोट तुम्हीच ना?" एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला घराच्या दारात कोणी असं विचारलं की त्याचं काय होतं, ते तुला कळायचं नाही. मी तिला आत बसवलं, दोन वेळा चहा केला. ती जुने सिनेमे शोधून, धुऊनपुसून लोकांना दाखवणाऱ्या मंडळींपैकी आहे. एका बंद पडलेल्या थिएटरच्या कोठारात त्यांना आमच्या करड्या कोटातल्या गुप्तहेराच्या सिनेमामालिकेचे डबे मिळाले. चौदापैकी अकरा सिनेमे वाचलेत.

मग काय, माझी टकळी सुरू झाली. तिला म्हटलं, बाई गं, एकेक सिनेमा आम्ही अठरा दिवसांत उरकायचो. स्टुडिओच्या मालकांकडे जिना एकच होता. तोच चौदाही सिनेमांत आहे, फक्त कठड्याचा रंग बदलायचा. त्या जिन्यावरून मी नऊ प्रेतं खाली आणली, आणि त्यातली सहा आमच्या मेकअपवाल्याची, कारण त्याच्याइतका वेळ श्वास कोणाला रोखता येत नसे. मोठ्या नटांच्या सिनेमांना संध्याकाळचे खेळ मिळायचे, आम्हाला रविवारी सकाळचा. पण गर्दी असायची, मोठे. तू पाहिलीयस.

आणि शेवटचा प्रसंग! सगळे संशयित दिवाणखान्यात गोळा. मी कोटाची कॉलर वर करून आत येतो आणि म्हणतो, "दार लावून घ्या. ज्याने केलं तो इथेच बसलाय." मग ते माझं बोट. त्या मुलीला मी आतली गोष्टही सांगितली. खुनी कोण हे मालक शूटिंग संपेपर्यंत ठरवायचेच नाहीत. पाच संशयित असले तर मी पाचही जणांवर बोट रोखायचो, पाचही वेळा सारख्याच खात्रीने. पुढे सिनेमा कापताना मालकांना जो चेहरा पसंत पडेल तो खुनी. मुलगी हसून हसून लोटपोट झाली.

१ नोव्हेंबरला सकाळी ते एक सिनेमा दाखवणार आहेत आणि मी पाहुणा आहे. सिनेमा त्यांनीच निवडलाय: 'पाहुणा परत गेला नाही'. अकरावा. म्हणाली, सगळ्यात स्वच्छ तोच निघालाय. मी काय बोलणार? बाकीचे तेरा मी पाहिलेत, हा एकच कधी पाहिला नाही. धाकटा गेला ते याचं शूटिंग चालू असताना.

आता विषय निघालाच आहे तर लिहून टाकतो. म्हातारपणी पोटात काही ठेवू नये. गच्चीच्या दाराला कुलूप घालायचं काम तुझं होतं. तू ते विसरलीस आणि आपला सहा वर्षांचा धाकटा चौथ्या मजल्यावरून खाली पडला. पण तू तेरा वर्षांची होतीस. मी तुला केव्हाच माफ केलंय, मोठे. हे कधी तोंडाने बोललो नाही, तेवढी माझी चूक. आज बोललो.

ये. पहिल्या रांगेत तुझ्यासाठी खुर्ची राखून ठेवायला सांगितलीय.

तुझे बाबा


२० ऑक्टोबर

मोठे,

उत्तर नाही. बरं. आत्याने फोनवर सांगितलं की पत्र तुला पोचलंय. मी लिहीत राहतो, तू गप्प राहा. आपल्या घराला त्याची सवय आहे.

कोट ट्रंकेतून काढला. बटणं पोटावर येतच नाहीत. शिंप्याकडे गेलो तर म्हणाला, "आजोबा, मागून कापून मध्ये पट्टी घालतो. फक्त लोकांकडे पाठ करू नका." आयुष्यभर मी कॅमेऱ्याकडे पाठ केली नाही, आता काय करणार!

चष्मेवाली रोज येते. वहीत सगळं लिहून घेते. काल तिने विचारलं, एवढं सामान कुठून आणायचात? तिला म्हटलं, घरून. तुला आठवतंय ना? मालकांचा हात आखडता. सामानवाला आदल्या दिवशी यादी वाचून दाखवायचा आणि आम्ही नटमंडळी दुसऱ्या दिवशी घरून वस्तू घेऊन हजर. आपला निळा पडदा चार सिनेमांत आहे. आईची चहाची किटली विषप्रयोगात दोनदा वापरली, मग आईने तिला हात लावायचं सोडलं. तुझी कंपासपेटी डॉक्टरची पेटी झाली होती आणि तू दोन दिवस भूमितीच्या तासाला रडत होतीस.

आणि मग तुझा तो खेळ. सिनेमा लागला की तू पहिल्याच रविवारी जायचीस आणि अंधारात मोठ्याने ओरडायचीस, "आपली उशी! बाबा, आपली उशी!" लोक मागे वळून बघायचे. एकदा डोअरकीपरने तुला बाहेर काढलं होतं. धाकट्याला तू हे शिकवायला घेतलं होतंस, पण तो पडद्यावरची प्रत्येकच वस्तू आपली म्हणायचा. दुसऱ्याची मोटारसुद्धा.

बघ, त्याचं लिहिलं. बेचाळीस वर्षांत या घरात त्याच्याबद्दल कोणी एवढं बोललेलं नाही.

तू येणार नाहीस त्याचं कारण मी जाणून आहे. तो बैठकीच्या खोलीतला दिवस. पण मोठे, मी तेव्हा काय वेगळं केलं? पंधरा दिवस घरात सगळे एकमेकांकडे बघत होते आणि कोणी बोलत नव्हतं. आजी म्हणायची आईने लक्ष द्यायला हवं होतं, आई म्हणायची आपण कामावर जायलाच नको होतं. घर पोखरत चाललं होतं. मी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि शांतपणे विचारलं, एवढंच. ते जुनं कुलूप किल्ली फिरवल्याशिवाय लागत नसे. किल्ली जिन्याजवळच्या खिळ्याला असायची. दुपारी वाळलेले कपडे काढून आणलेस ते तू. तुझ्यानंतर दाराला हात लावणारं कोणी नव्हतं. तू म्हणालीस, किल्ली खिळ्यावर नव्हती, शोधली, मिळाली नाही, म्हणून नुसती कडी घातली. सगळ्यांनी मिळून घर पालथं घातलं, किल्ली सापडली नाही. मग मी म्हणालो की ती तूच खेळता खेळता हरवलीस आणि आता मार बसेल म्हणून खोटं बोलतेयस. लहान मुलं घाबरली की खोटं बोलतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कोणीतरी बोलणं भाग होतं. त्यानंतर निदान तुझ्या आईने स्वतःला दोष देणं थांबवलं.

असो. कार्यक्रम सकाळी दहाला आहे. खुर्ची अजून राखलेली आहे.

बाबा


२ नोव्हेंबर

मोठे,

माझं पहिलं पत्र शोध. त्यात मी तुला माफ केल्याचं लिहिलंय, ते वाक्य फाडून टाक. सगळं पत्रच जाळ. दुसरंही.

काल सिनेमा पाहिला. तिसऱ्या पुराव्याचा प्रसंग मध्यंतरानंतर येतो. मी तळहात उघडतो, कॅमेरा हातावर येतो, आणि पडदाभर किल्ली दिसते. लांब दांड्याची, डोक्याला भोक असलेली किल्ली. त्या भोकात लोकरीची वेणी बांधलेली. सिनेमा काळापांढरा आहे, पण ती लोकर निळी आहे हे मला कळतं, कारण ती तू बांधली होतीस. शाळेत वेणी विणायला शिकवली तेव्हा घरातल्या एकूण एक किल्लीला तू शेपटी लावलीस. गच्चीच्या किल्लीची शेपटी एका बाजूला सुटली होती. पडद्यावरही सुटलेली आहे.

ती आपली किल्ली आहे. खिळ्यावर नव्हती, कारण माझ्या हातात होती.

आता सगळं आठवतंय, तारखेसकट. आदल्या संध्याकाळी सामानवाला म्हणाला होता, "उद्या मोठी किल्ली लागेल, घरून कोणीतरी आणा. माझ्याकडची पेटीची आहे, पडद्यावर दिसायचीच नाही." सकाळी सातला बूट घालताना खिळ्याकडे लक्ष गेलं आणि मी ती काढून खिशात टाकली. कोणाला सांगितलं नाही. एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं! अकरा वाजता तो शॉट झाला. मालक खूश. किल्ली सामानवाल्याच्या पेटीत गेली. चार वाजता स्टुडिओत फोन आला आणि मी अंगावरच्या कोटासकट घरी धावलो.

तू खरं बोलत होतीस. तू शोधलीस, मिळाली नाही, कडी घातलीस. धाकट्याने बादली पालथी घालून कडी काढली. तुझ्या हातून काहीही चुकलं नाही. काहीही नाही. हे मी दहा वेळा लिहीन.

सिनेमा संपल्यावर दिवे लागले आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. चष्मेवालीने मला मंचावर नेलं. म्हणाली, "एकदा ते बोट, एकदाच." दोनशे माणसं वाट बघत होती. माझा हात उचललाच गेला नाही. लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. मी तिच्या कानात म्हटलं, मला घरी सोड. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची रिकामी होती आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानले.

माझ्या मुलाचा जीव माझ्यामुळे गेला आणि त्याचं खापर मी माझ्या मुलीच्या डोक्यावर फोडलं. हे वाक्य मी लिहिलं आणि अजून इथे बसून श्वास घेतोय.

बाबा


१० नोव्हेंबर

मोठे,

मी तुझ्या आत्याकडे गेलो होतो. त्या दिवशी बैठकीत बसलेल्यांपैकी तू, मी आणि ती एवढेच उरलोत. आजी गेली, तुझी आई गेली, शेजारचे डॉक्टर गेले. ज्यांच्यासमोर तुला दोषी ठरवलं त्यांच्यासमोर हे मागे घ्यायचं ठरवलं, तर समोर एकच म्हातारी शिल्लक.

तिचे कान आता पार गेलेत. मशीन लावत नाही, म्हणते आत शिट्टी वाजते. मी तिच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसलो आणि म्हटलं, किल्ली मी नेली होती. म्हणाली, "काय नेलं होतंस?" म्हटलं, किल्ली. म्हणाली, "वल्ली? कोण वल्ली?" शेवटी मी आवाज चढवला. तुला माझा आवाज माहीत आहे, शेवटच्या रांगेला ऐकू जावा म्हणून कमावलेला. "गच्चीची किल्ली मी नेली होती! पोरीने काही केलं नव्हतं! धाकटा माझ्यामुळे गेला!" खालच्या मजल्यावरची बाई धावत वर आली, काय झालं म्हणून. तिला आत्याने शांतपणे सांगितलं, "काही नाही हो. आमचा दादा आहे. नट होता."

ती गेल्यावर आत्या म्हणाली, "दादा, हे मला सांगून काय उपयोग? मी तेव्हाही तोंड शिवूनच बसले होते."

मी म्हटलं, मी निदान शांतपणे विचारलं होतं ना?

आत्या म्हणाली, "शांतपणे? तू तो कोट घातला होतास."

मी म्हटलं, शक्य नाही.

"घातला होतास. मला वाटलं, दुःखात माणूस हाताला लागेल ते अंगात घालतो. आणि आत आल्या आल्या तू वहिनीला म्हणालास, दार लावून घ्या. तेच वाक्य, दादा. पूर्ण. मग एकेकाकडे बोट केलंस. आधी आईकडे, मग वहिनीकडे, मग माझ्याकडे. आणि शेवटी पोरीकडे केलंस आणि ते तसंच धरून ठेवलंस. पोरगी फ्रॉकचा काठ चावत होती."

बेचाळीस वर्षं मी स्वतःला शपथेवर सांगत आलोय की ते वाक्य मी घरात कधी म्हटलं नाही. आत्याला खोटं बोलायचं काही कारण नाही. मोठे, मला दुसरं काही येतच नव्हतं. घर कोसळायला लागलं की इतर बाप काय करतात कोण जाणे. मला एवढंच माहीत होतं की सगळ्यांना एका खोलीत बसवायचं, एकाकडे बोट करायचं, की बाकीचे सुटतात आणि दिवे लागतात. मालकांनी पाचातला एक चेहरा निवडावा तसा मी तुझा निवडला. तू सगळ्यात लहान होतीस आणि उलट बोलणार नव्हतीस.

अजून एक राहिलंय. ते न लिहिता पत्र बंद करणार होतो, पाकिटाला गोंदही लावला होता. पुन्हा उघडलं.

मी तुला लिहिलं की हा सिनेमा मी कधी पाहिला नाही. खरं नाही ते. तो लागला तेव्हा एका रविवारी मी एकटाच गेलो होतो. मध्यंतरापर्यंत पाहिला. किल्लीचा प्रसंग मध्यंतरानंतर आहे हे मला ठाऊक होतं. घंटा वाजली, लोक परत आत जायला लागले, आणि मी बाहेर पडलो. घरी येऊन पेपर उघडून बसलो.

का उठलो? मला माहीत होतं असं मी म्हणत नाही. माहीत नव्हतं असंही आता म्हणवत नाही. आत काहीतरी खुणावत होतं आणि मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. दोन वर्षांनी मालकांनी आख्खी मालिका बंद केली तेव्हा सगळे रडले. मला मात्र हायसं वाटलं, आणि त्याचंही कारण मी स्वतःला विचारलं नाही. तू एकोणिसाव्या वर्षी बॅग भरून गेलीस तेव्हा मी तुझ्या आईला म्हणालो होतो, तिला स्वतःचं मन खातंय. असं म्हणालो होतो मी.

तुझी आई हे न कळताच गेली. तिच्या पोरीचा दोष नव्हता, एवढं तरी तिला कळायला हवं होतं. ते माझ्यामुळे राहिलं.

तू सांगशील ते करीन. तू म्हणशील तिथे येईन, तुझ्या नवऱ्यासमोर, तुझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यातल्या माणसांसमोर, जो जो तुला ओळखतो त्याच्यासमोर सांगेन. नको म्हणालीस तर येणार नाही. एक ओळ लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील. तुझं अक्षर मी नऊ वर्षांत पाहिलेलं नाही.

बाबा


२७ नोव्हेंबर

बाबा,

तुमची चारही पत्रं मिळाली. जाळली नाहीत. उत्तर द्यायला वेळ लागला, कारण चार वेळा लिहून फाडलं.

मला माहीत होतं.

सिनेमा लागला त्या पहिल्याच रविवारी मी गेले होते. घरी सांगितलं की मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते. आपल्या वस्तू शोधायला गेले होते, सवयीने. घरात कोणी माझ्याशी बोलत नव्हतं आणि तिथे निदान निळा पडदा दिसेल असं वाटलं. मग तुम्ही हात उघडलात. माझ्या तोंडून "आपली" एवढंच बाहेर पडलं आणि मी स्वतःच्या तोंडावर हात दाबला.

मी तो सिनेमा सात रविवार पाहिला. मला वाटत होतं, बाबांना अजून कळलं नाही. ते शूटिंगच्या गडबडीत विसरलेत. कधीतरी ते सिनेमा बघतील, त्यांना दिसेल, आणि ते घरी येऊन सगळ्यांना पुन्हा बैठकीत बसवतील आणि सांगतील. मी ते मनात कितीदा तरी पाहिलं होतं. तुम्ही कोणत्या खुर्चीजवळ उभे राहाल तेसुद्धा ठरवलं होतं.

पाचव्या रविवारी तुम्ही आलात. मी शेवटच्या रांगेत होते. तुम्हाला पाठमोरं ओळखलं आणि मी खुर्चीतून अशी अर्धवट उठले की शेजारच्या बाईने विचारलं, बरं वाटतंय ना? मध्यंतर झालं. तुम्ही उठलात. मला वाटलं, पाणी प्यायला गेले असतील. सिनेमा संपेपर्यंत मी दाराकडे बघत होते.

घरी आले तेव्हा तुम्ही पेपर वाचत होता. "कुठे गेली होतीस?" म्हणालात. मी म्हटलं, मैत्रिणीकडे. तुम्ही मान हलवलीत. मी तिथेच उभी राहिले, बराच वेळ. तुम्ही पान उलटलंत.

पुढचे दोन रविवार मी तरीही गेले.

आईला का सांगितलं नाही, असं तुमच्या मनात येईल. आईचं एक मूल गेलं होतं आणि दुसऱ्याकडे तिला बघवत नव्हतं. तिला झोप लागायची ती तुमचा हात धरून. मी तोही काढून घेतला असता तर तिने काय धरलं असतं? मी तेव्हा एवढा विचार केला नव्हता बहुतेक. फक्त इतकं कळत होतं की हे मी बोलायचं नाही, तुम्ही बोलायचं आहे. मी सहा वर्षं थांबले आणि मग बॅग भरली.

तुम्ही विचारता, काय करू. तेव्हा तुम्ही पेपर खाली ठेवून नुसतं "चुकलं गं" म्हणाला असता तर मी धावत येऊन तुमच्या गळ्यात पडले असते. मला आणखी काहीही नको होतं. आता मी पंचावन्न वर्षांची आहे. माझे गुडघे दुखतात, दिवसभर लोकांचे गुडघे चोळूनही. ती फ्रॉकचा काठ चावणारी मुलगी तुम्हाला माफ करायला एका पायावर तयार होती. मी तिला आता कुठून आणू? मी शोधून पाहिली. गेले दोन आठवडे तेच करत होते.

तुम्ही येऊ नका. मीही येणार नाही. इथे मला ओळखणाऱ्या कोणालाच ते माहीत नाही, त्यामुळे त्यांच्यासमोर सांगण्यासारखं काही नाही. आत्याच्या समोर पुन्हा ओरडू नका, तिचं ब्लडप्रेशर वाढतं.

पत्रं मात्र लिहा. माफीची नकोत, ती मी वाचली. धाकट्याबद्दल लिहा. दुसऱ्याची मोटार आपली म्हणायचा, ते मी विसरून गेले होते. तुमच्या पत्रात वाचलं आणि दवाखान्यात पेशंट बाहेर बसलेला असताना दार लावून रडले. त्याचा विषय काढायची मला कधी हिंमत झाली नाही, ज्या घराच्या लेखी मीच त्याला मारलं होतं तिथे तो कसा काढणार? मग हळूहळू तो पुसट होत गेला. आता मला त्याचा चेहरा फोटोतलाच आठवतो. तो हाका कशा मारायचा, मला ताई म्हणायचा की नुसतं मोठी म्हणायचा, पडला-धडपडला की कोणाकडे धावायचा, काही आठवत नाही. त्याला ओळखणारे आता आपण तिघंच आहोत आणि आत्याला ऐकू येत नाही.

तुम्हाला जे आठवतं ते सगळं लिहा. लवकर लिहा, बाबा. तुम्ही एक्याऐंशी वर्षांचे आहात.

मोठी